शेवटच्या ओळीतलं लोणी

वैजनाथनं लोण्यात लेसिथिन घातलं त्याच आठवड्यात कालिंदाचा पाय दुखायचा थांबला, आणि तिची माय यायची बंद झाली. पहिली गोष्ट घरात, गल्लीत, हैदराबादला लेकीकडे, सगळीकडे कळली. दुसरी कळायला खुद्द कालिंदालाच तीन आठवडे लागले.

कालिंदाचा डावा पाय त्र्याण्णव सालच्या भूकंपात भिंतीखाली सापडला होता. किल्लारीच्या पट्ट्यातलं लहानसं गाव; मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. गणपती बोळवून लोक नुकते कुठे आडवे झाले होते. नऊ वर्षांच्या कालिंदाला दुपारी जवानांनी बाहेर काढलं आणि ट्रकमधून लातूरच्या दवाखान्यात पाठवलं. तिची माय आणि धाकटा भाऊ सापडले ते दुसऱ्या दिवशी. बाप कामावर सोलापूरला होता म्हणून वाचला. त्यानंच दोघांना अग्नी दिला. घरात मायचा एकच फोटो होता, लग्नातला. तो ढिगाऱ्यात गेला. म्हणजे कालिंदाला मायचं शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही, आणि पुढं आयुष्यभर बघावं असंही काही हाती राहिलं नाही.

पाय मात्र तेव्हा जुळून आला. ती चालली, पळाली, लग्न करून लातुरात आली. लेक मोठी झाल्यावर तिनं औसा रस्त्याला भाकरी केंद्र काढलं आणि अकरा वर्षं चालवलं. हाताखाली दोन बायका आणि दिवसाला दोनेकशे ज्वारीच्या भाकरी, सगळ्या उभ्यानं थापलेल्या. पन्नाशी ओलांडली आणि त्या पायातल्या चिरडलेल्या नसा जाग्या झाल्या. वरून बघावं तर सूज नाही, जखम नाही. आतून मात्र कुणी निखारे भरल्यासारखा. चादर घासली तरी ती दचकायची. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, शेक झाले. शेवटी केंद्राचं शटर खाली ओढलं आणि ती घरात बसली. वैजनाथ सहा वर्षं शेजारच्या खाटेवर तिचं कण्हणं ऐकत राहिला.

औषधी भांगेचा कायदा होऊन तेव्हा चारेक वर्षं झाली होती. नसांच्या दुखण्याच्या रुग्णांना जिल्ह्याच्या वेदना केंद्रातून परवाना मिळायचा. भांगेचा तपासलेला अर्क सीलबंद कुपीत यायचा आणि सोबत प्रेशर कुकरएवढी एक पेटी. लोकांनी तिचं नाव लोणीपेटी पाडलं होतं. घरचं लोणी आत घालायचं, कुपी बसवायची. बाकी सगळं मंद आचेवर पेटीच करायची आणि कुपीवरचा क्रमांक परवान्याशी जुळला नाही तर सुरूच व्हायची नाही. लोणीच का, तर भांगेतलं ते द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. लोण्यातून पोटात गेलं की सावकाश चढतं, पण मग सकाळपर्यंत सोडत नाही.

लोणी करायचं काम वैजनाथनं आपल्याकडं घेतलं. सोयाबीनच्या तेलगिरणीत अठ्ठावीस वर्षं काढून तो नुकताच निवृत्त झाला होता आणि त्याच्या हातांना काहीतरी हवंच होतं. पेटीतलं पातळ लोणी तो चोवीस खणांच्या साच्यात ओळीनं ओतायचा, फ्रिजमध्ये थिजवायचा आणि दिवेलागणीला एक वडी गरम भाकरीवर ठेवून, वर गुळाचा खडा देऊन तिच्यापुढं आणून ठेवायचा.

"खा. आज दुखालंय का लई?"

"कालच्यापेक्षा कमी," ती म्हणायची. कधी ते खरं असायचं, कधी नसायचं.

कारण वड्या सारख्या नसायच्या. लोण्यात पाण्याचा अंश असतो. पातळ झालं की पाणी आणि बेरी खाली बसते, तूप वर तरंगतं आणि द्रव्य तुपाबरोबर वर जातं. साच्याच्या पहिल्या ओळींत वरचं तूप पडायचं, म्हणून त्या वड्या जालीम. शेवटच्या ओळीत तळाचं पाणचट लोणी, म्हणून त्या फिक्या. वैजनाथच्या हे लक्षात यायच्या कितीतरी आधी कालिंदाच्या आलं होतं. तिला द्रव्य-बिव्य काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की शेवटच्या ओळीतली वडी खाल्ली की पाय जळत राहतो, झोप तुटक लागते आणि त्या तुटक झोपेत पहाटेच्या सुमाराला माय येते.

माय लहानपणापासूनच यायची. महिन्यातून चार-पाच वेळा, कधी जास्त. स्वप्नात भूकंप नसायचा, ओरडा नसायचा. सकाळचं कोवळं ऊन. नुकतं न्हाऊन केस मोकळे सोडलेली माय ओट्यावर सुपात जोंधळे निवडत बसलेली. कालिंदा दारातून आत यायची, माय मान वर करून बघायची आणि म्हणायची, "आलीस का?" मग सूप सरकवून शेजारी जागा करायची. एवढंच. पण त्या मान वर करण्यात तिचं सगळं तोंड दिसायचं. गोंदलेलं कपाळ, पुढचा एक दात किंचित आडवा, डाव्या भुवईत बारीकसा छेद. जाग आली की चेहरा विरून जायचा. दात, भुवई, गोंदण असे सुटे सुटे शब्द राहायचे, त्यांचा मिळून चेहरा काही व्हायचा नाही. तो बघायला पुन्हा तिथंच जावं लागायचं. माय एकोणतीस वर्षांचीच राहिली होती. आता ती कालिंदाच्या लेकीपेक्षाही लहान होती.

हे तिनं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं? सगळ्यांनाच स्वप्नं पडतात.

*

"वड्या सारख्या होत नाहीत, तिथंच गडबड आहे," एके दिवशी वैजनाथ वेदना केंद्रावरून येताच म्हणाला. त्याच्या हातात एक बाटली होती आणि डोळ्यांत गिरणीतल्या दिवसांची चमक. "आणि बघ, उत्तर माझ्या नाकासमोर होतं. अठ्ठावीस वर्षं!"

बाटलीत मधासारखं दाट, तपकिरी काहीतरी होतं.

"काय हो हे?"

"लेसिथिन. सोयाबीनच्या कच्च्या तेलात पाणी घालून घुसळलं की चिकट गाद खाली बसायची. आम्ही गम म्हणायचो. ती वाळवून, शुद्ध करून हे होतं. अंड्याच्या पिवळ्यातही असतंय." तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. "याच्या कणाला दोन टोकं. एकाला तेल धरवतं, दुसऱ्याला पाणी. दोघांच्या मधी उभं राहतं आणि दोघांचे हात धरून ठेवतं. मग तूप वर आणि पाणी खाली असं होतच नाही. पेटीत आता नवी सोय दिलीय, कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाचे हादरे. त्यानं लोण्याचे थेंब केसाच्या हजाराव्या भागाएवढे बारीक होतात आणि लेसिथिन प्रत्येक थेंबाभोवती कातडीसारखं बसतं. पोट म्हणजे सगळा पाण्याचाच कारभार. त्यात असले थेंब सहज मिसळतात. आतापर्यंत निम्मं औषध वायाच जात होतं म्हण. डॉक्टरीण बाईंनी माप कमी करून दिलंय आणि म्हणाल्या, करा खुशाल."

त्या संध्याकाळची वडी दिसायलाही वेगळी होती. एकसारखी, साईच्या रंगाची, सुरी लावली तर रेशमासारखी कापली जाणारी.

चौथ्या दिवशी सकाळी कालिंदा उठली, न्हाणीघरात गेली, पाणी तापवलं, चहा टाकला आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपण पायाचा विचारच केलेला नाही. तिनं डावं पाऊल फरशीवर दाबून बघितलं. पुन्हा दाबलं. वैजनाथ दारात उभा राहून बघत होता. त्याला वाटलं ती रडेल. पण ती हसायला लागली आणि रडला तो.

त्या आठवड्यात दोघं गंजगोलाईच्या बाजारात गेले. सहा वर्षांनी कालिंदानं गोलाईला पायी पूर्ण फेरी मारली. बांगड्या भरल्या, उसाचा रस प्यायली, ओळखीच्या दुकानदारांशी मुद्दाम उभं राहून बोलली. वैजनाथ तिच्या दोन पावलं मागं राहून तिची चाल बघत होता. परत येताना त्यानं भाकरी केंद्राच्या शटरपाशी रिक्षा थांबवली.

"उघडायचं का पुन्हा?" त्यानं विचारलं.

"उघडू की," ती म्हणाली. त्या क्षणी तिला खरंच सगळं हवं होतं.

मग एका सकाळी अंगणात बसून जोंधळे निवडताना तिचा हात थांबला. माय कधी आली होती शेवटची? तिनं दिवस आठवून पाहिले. पेटीची नवी सोय आल्यापासून नाहीच. आयुष्यात इतका खंड कधी पडला नव्हता. बाळंतपणात नाही, बाप गेला तेव्हा नाही. तिनं मायचा चेहरा डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला. दात आडवा. भुवईत छेद. कोणत्या? डाव्या की उजव्या?

सूप मांडीवर घेऊन ती ऊन चढेपर्यंत तशीच बसली.

*

वेदना केंद्रातल्या डॉक्टर तहसीन काझी तिच्याच वयाच्या होत्या. त्यांनी कालिंदाच्या मनगटावरची पट्टी उतरवून पडद्याला जोडली. पट्टी रात्रभर झोपेची नोंद ठेवायची. पडद्यावर तीन महिन्यांच्या रात्री एकाखाली एक उमटल्या. वरच्या रात्रींमध्ये अधूनमधून केशरी पट्टे होते, खालच्या रात्री सलग निळ्या.

"हे केशरी म्हणजे काय?" कालिंदानं विचारलं.

"स्वप्नं," डॉक्टर म्हणाल्या. "झोपेत एक टप्पा असतो, ताई. अंग लुळं पडतं, पण पापण्यांआड डोळे हलत राहतात आणि मेंदू जागेपणाइतकाच कामात असतो. बहुतेक स्वप्नं त्याच टप्प्यात पडतात. भांगेतलं द्रव्य तो टप्पा आखडतं. पूर्वी तुमच्या शरीरात कधी पुरेसं पोचायचं, कधी नाही. आता रोज पुरतं पोचतंय."

"मग कमी करा की."

"केलं तर दुखणं परत येईल. तुमच्या बाबतीत दुखणं ज्या पायरीवर थांबतं, स्वप्नं त्याच्या दोन पायऱ्या आधीच थांबतात. मधली जागा नाही." डॉक्टरांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. "भूकंपाच्या त्या पट्ट्यातली चाळीसेक माणसं माझ्याकडं येतात. पन्नास वर्षं झाली तरी त्यांच्या झोपेत भिंती पडायच्या. ते हात जोडतात मला, की बाई, स्वप्नं गेली, सुटलो. परत मागणाऱ्या तुम्ही पहिल्या. कसली होती स्वप्नं?"

"चांगली होती," कालिंदा म्हणाली.

"आणि सोडून दिलं तर?" तिनं उठताना विचारलं.

"तर पाच-सहा दिवसांत स्वप्नं येतील. एकदम, लोंढ्यानं. बांध फुटल्यासारखी. आणि पायही पेटेल. माझ्या परवानगीशिवाय असलं काही करू नका."

घरी आली तर वैजनाथ अंगणात पाटीला रंग देत होता. 'कालिंदा भाकरी केंद्र' ही अक्षरं त्यानं खडूनं आखून घेतली होती आणि जीभ ओठांत धरून लाल रंग भरत होता. त्याच्या कपाळावर रंगाचा एक ठिपका उडाला होता. या माणसाला काय सांगायचं? की तुम्ही मला बरं केलंत, आता थोडी आजारी करा?

"काय म्हणाल्या डॉक्टर?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"सगळं झकास आहे म्हणाल्या."

*

लेकीशी फोनवर बोलताना मात्र तिच्या तोंडून अर्धं निघून गेलं. "अनुजा, मला मायचं तोंडच आठवेना गं," ती म्हणाली आणि लगेच विषय बदलला. पण अनुजा आईची लेक होती. ती हैदराबादला अशा कंपनीत होती जिथं हरवलेल्या माणसांचे चेहरे यंत्राकडून घडवून घेत. पंधरा दिवसांनी ती सुटी काढून आली, ती एक मोठी तसबीर घेऊनच.

"आई, मी आजी आणलीय," ती म्हणाली. "तुझी जनुकांची तपासणी वेदना केंद्राकडं होतीच, त्यातून घेतलं. मावशीआजीचे फोटो, तुझे एकोणतिसाव्या वर्षीचे फोटो. यंत्रानं चारशे चेहरे काढले. त्यातला सगळ्यांत जवळचा हा. बघ ना."

तसबिरीत हिरव्या लुगड्यातली एक तरुण बाई होती. देखणी, रुंद कपाळाची, शांत डोळ्यांची. ती नुकतीच काहीतरी बोलणार आहे असं वाटत होतं. कालिंदानं तसबीर उजेडात धरली. जवळ घेतली, लांब धरली. अनुजा तिच्याकडं बघत होती.

"छान आहे बाई," कालिंदा शेवटी म्हणाली. "कोण आहे?"

अनुजाचा चेहरा उतरला. ते पाहून कालिंदानं तिला जवळ ओढलं, "तसं नाही गं, आहे, आहे, नाक तिचंच आहे," म्हणून तिच्या पाठीवरून हात फिरवला. वैजनाथनं खिळा ठोकून तसबीर बैठकीच्या खोलीत लावली. अनुजा होती ते चार दिवस कालिंदा येता-जाता तिच्याकडं बघत राहिली. लेकीच्या समाधानासाठी, आणि कुठंतरी आपलंच चुकत असेल या आशेनंही.

अनुजा गेली त्या संध्याकाळी कालिंदानं वडी खाल्ली नाही. वैजनाथ आत पाणी आणायला गेला तेवढ्यात तिनं ती पदराखाली घेतली आणि नंतर फ्रीझरमध्ये बर्फाच्या ट्रेमागं एका डबीत ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पाय पेटला.

पूर्वीपेक्षा जास्त पेटला, कारण मधल्या काळात तिची सोसायची सवय मोडली होती. स्वप्नंही आली, डॉक्टर म्हणाल्या होत्या तशी लोंढ्यानं. पण त्यात माय नव्हती. भिंती होत्या, धूळ होती, कुणाचा तरी हात होता. जन्मात न पडलेली ती स्वप्नं तिला सलग दोन पहाटे पडली. तिनं दातावर दात दाबून सगळं काढलं. भाकरी केंद्र पुन्हा सुरू होऊन आठवडा झाला होता, ती तव्यापाशी उभी राहायची, उजव्या पायावर सगळा भार देऊन, आणि हाताखालच्या बाईनं विचारलं की म्हणायची, "धग लागली."

सहाव्या सकाळी तिला उठताच येईना. घामानं भिजून ती खाटेवर बसून राहिली. वैजनाथनं तिच्या पायाला हात लावला आणि ती किंचाळली.

"थांब, बर्फ आणतो," म्हणून तो धावत आत गेला. फ्रीझरचं दार उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

तो परत आला तेव्हा त्याच्या एका हातात बर्फ होता आणि दुसऱ्या हातात डबी.

"पाच वड्या आहेत," तो म्हणाला. "मला वाटालं होतं औषध उतरलं. काल दिवसभर मी पेटीची पुस्तिका वाचली. काय चुकलं माझं म्हणून."

"तुमचं काही चुकलं नाही."

"मग कामून? सहा वर्षं तुझं कण्हणं ऐकलंय मी, कालिंदा. कानात कापूस घालून झोपता आलं असतं, पण घातला नाही. तुला एकटं वाटू नये म्हणून. आणि तू..." त्यानं बर्फ कापडात गुंडाळला आणि तिच्या पायावर अलगद धरला.

मग तिनं सांगितलं. ओटा, सूप, ओले केस, "आलीस का?" बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. शेवटची ओळ, फिक्या वड्या, केशरी पट्टे, सगळं. वैजनाथ खाली मान घालून ऐकत होता. बर्फ वितळून त्याच्या मनगटावरून पाणी टपकत होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही लोणी करत होतात," ती म्हणाली. "इतक्या हौसेनं."

तो म्हणाला, "मला वाटायचं तुझ्या दुखण्याला सोबत माझी एकट्याची आहे. तिथं तुझी मायपण येते हे मला ठाऊक नव्हतं." थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "मग? आली का ती?"

"आज आली," कालिंदा म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "ओटा तोच. सूप तेच. हात तिचेच होते, आवाज तिचाच होता. मान वर केली, आणि तोंड अनुजाच्या चित्रातलं होतं."

वैजनाथ उठला. बैठकीच्या खोलीत गेला आणि भिंतीवरून तसबीर उतरवू लागला.

"नका काढू," ती आतून म्हणाली. "पोरीनं किती जिवानं केलंय. आली की विचारेल."

"पुसायला काढली म्हणून सांगू." त्यानं तसबीर जुन्या धोतरात गुंडाळली आणि कपाटाच्या वरच्या खणात मागं सरकवली. "तिला कधी कळता कामा नये. तुला वाटतंय, जुनं तोंड परत येईल?"

"मला काय माहीत?"

*

डॉक्टर काझींनाही माहीत नव्हतं. त्या आधी रागावल्या, मग त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मेंदू चेहरे जपून ठेवत नाही, ताई," त्या म्हणाल्या. "दर वेळी नव्यानं रचतो. सगळ्यांत ताजा माल आधी हाती लागतो. कदाचित नवा चेहरा पुसट होईल आणि खालचा वर येईल. कदाचित नाही. मी खोटं वचन देणार नाही."

पण त्यांनी एक केलं. वर्षातून तीनदा सहा-सहा दिवस लोणी बंद ठेवायची परवानगी लिहून दिली, पट्टीवर रोजची देखरेख ठेवून. केंद्राच्या कागदांत त्याला काहीतरी लांबलचक नाव पडलं. डॉक्टर मात्र स्वप्नसुटी म्हणायच्या. आणि मग एकेक माणूस पुढं येऊ लागला. उदगीरच्या एका निवृत्त शिक्षकाला त्याची बायको पाहिजे होती. औराद शहाजानीच्या एका आजोबांना नुसती त्यांची बैलजोडी पाहिजे होती. ते हसत हसत बोलले, पण अर्ज मागं घेतला नाही. भिंती पडू नयेत म्हणून लोणी खाणारे पुष्कळ होते, खातच राहिले. पण ज्यांना झोपेत कुणीतरी भेटायचं, ते इतके दिवस गप्प होते एवढंच.

कालिंदा पुन्हा रोजची वडी खाऊ लागली. पाय थांबला, केंद्र चाललं, गिऱ्हाईक वाढलं. दुपारी काम आटोपून ती ओट्यावर बसायची तेव्हा तिला हलकं, मोकळं वाटायचं; आणि त्या मोकळेपणात कुठंतरी एक दार नुसतं लोटून ठेवल्यासारखं राहायचं. तसबिरीतली बाई ती जागेपणी विसरायचा प्रयत्न करायची. विसरायचं ठरवलं की ती जास्तच स्पष्ट दिसायची. मग तिनं प्रयत्न सोडला आणि दिवस जाऊ दिले.

पहिली सुटी तिनं संक्रांतीनंतरची मागून घेतली. आदल्या दिवशी केंद्रावरच्या बायकांना सूचना देऊन झाल्या. त्या दिवशी सकाळी ती न्हाली, केसांना तेल लावलं, धुवट लुगडं नेसली. वैजनाथनं कापड, बर्फाच्या पिशव्या, पायाखाली घ्यायच्या उश्या असं सगळं खाटेपाशी मांडून ठेवलं. काय होणार आहे हे दोघांनाही नीट ठाऊक होतं. तीन दिवसांनी पाय पेटणार होता, मग भिंती पडणार होत्या आणि त्या सगळ्याच्या पलीकडं कदाचित तो ओटा होता. तिथं मान वर होईल तेव्हा कोणतं तोंड दिसेल, हे मात्र कुणीच सांगू शकत नव्हतं.

दिवेलागण झाली. वैजनाथनं भाकरी आणली; नुसती, गुळाचा खडा ठेवलेली. तिच्यासमोर ताट ठेवून तो खुर्चीवर टेकला.

"भीती वाटालीय का?"

"पायाची नाही," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. ती जेवली, ताट बाजूला सारलं, आणि त्यानं हात पुढं करून तिच्या कपाळावर आलेली बट मागं सारली. लग्नानंतर बत्तीस वर्षांत कालिंदा एकदाही माहेरी गेली नव्हती. बाप दुसऱ्या बायकोसह नव्या वसाहतीत गेला होता, तिथं तिचं असं काही नव्हतं. दिवाळीला, पंचमीला शेजारच्या बायका पिशव्या भरून निघायच्या तेव्हा ती त्यांना वाटेत खायला शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची.

"किती दिवस राहणार?" वैजनाथनं विचारलं.

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"सहा," ती म्हणाली. "लगेच येते."

"सावकाश ये. केंद्राचं मी बघतो." तो जरा घुटमळला. "भेटली तर माझा नमस्कार सांग."

"तोंड दुसरंच असलं तरी?"

"आवाज तिचाच आहे म्हणालीस ना. मग ऐकू येईल तिला."

"आणि कोण म्हणून सांगू?"

"जावई म्हणून सांग," वैजनाथ म्हणाला. "म्हणावं, आमची भेट तेवढी राहून गेली."